मदत हवी आहे: गुहेतल्या स्मृतिपाटीचा वाचता येईल असा फोटो

मंडळी, व्हर्जिनियातल्या लुरे गुहेत (1878 साली सापडलेली) पेज काउंटीच्या सैनिकांचं स्मारक आहे. अशा ठिकाणच्या ओतीव धातूच्या पाट्यांवरची नावं फोटोत नीट वाचता यावीत, म्हणून सल्ला हवाय.

समोरून फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग पडतो आणि चार-पाच नावं गायब होतात. पोलरायझर (चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर) उघड्या धातूच्या चकाकीवर चालत नाही. पाटीवर लॅकर (पारदर्शक वार्निशसारखा थर) असेल तरच थोडाफार उपयोग. म्हणून फ्लॅश बंद, टॉर्च पाटीला जवळजवळ समांतर, 10-15 अंशांवर. उठावाची अक्षरं लगेच दिसतात, पण टॉर्चजवळची कड फोटोत पांढरीफटक होते आणि लांबची काळोखात जाते. टॉर्च मागे नेला तर फरक कमी होतो, पण मग उजेड पुरत नाही. डावीकडून एक, उजवीकडून एक असे दोन फोटो जोडावेत, की एकाच बाजूने तीन-चार?

आत बारा महिने साधारण 12 अंश सेल्सिअस. हिवाळ्यात गार कॅमेरा आत नेला की लेन्सवर दव धरतं. तो किती वेळ पिशवीत बंद ठेवावा?

खडू किंवा पाणी लावायचे उपाय कृपया नकोत.