पीट टाउनशेंडच्या गीतलेखनावर मेहेरबाबांचा प्रभाव किती?

प्रश्न

‘द हू’ या इंग्लिश बँडचा गिटारवादक आणि मुख्य गीतकार पीट टाउनशेंड मेहेरबाबांचा अनुयायी होता, हे अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादला गेल्यावर कानावर येते. मंचावर गिटार फोडण्यासाठी ज्याची ख्याती झाली, त्यानेच पुण्यात जन्मलेल्या आणि १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळणाऱ्या सत्पुरुषाला गुरू मानावे, याची संगती मला लागत नाही. हा प्रभाव ‘बाबा ओ’रायली’ या एका गाण्याच्या शीर्षकापुरताच आहे, की त्याने कारकिर्दीला वळण दिले? जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

वळण दिले, असेच माझे ठाम मत आहे. गिटार फोडण्यामागे केवळ संताप नव्हता. ईलिंगच्या कलाशाळेत त्याने कलावंत गुस्ताव मेट्झगर यांच्याकडून स्वविनाशी कलेचा, म्हणजे मुद्दाम नष्ट होणाऱ्या कलाकृतींचा, विचार ऐकला होता. १९६४ मध्ये हॅरोतल्या एका ठेंगण्या छताच्या पबमध्ये वाजवताना गिटार वर आदळून मोडली, तेव्हा त्याने उरलेलीही फोडली आणि पुढे तीच त्याची ओळख झाली. मेहेरबाबांकडे वळल्यावर, त्यांचा अमली पदार्थांना स्पष्ट विरोध असल्यामुळे, त्याने एलएसडीसारखी द्रव्ये सोडली.

मे १९६९ मधला ‘द हू’चा ‘टॉमी’ हा दुहेरी अल्बम या दृष्टीने ऐकावा. बालपणीच्या आघाताने दृष्टी, श्रवण आणि वाणी हरपलेला मुलगा बरा झाल्यावर लोकांचा गुरू बनतो आणि शेवटी तेच अनुयायी त्याच्यावर उलटतात. गुरुपदाच्या बाजाराची इतकी कठोर चिकित्सा एका शिष्याने करावी, यातच मला त्याच्या श्रद्धेचा खरेपणा दिसतो. मेहेरबाबांनी त्याच वर्षी ३१ जानेवारीला देह ठेवला होता.

प्रतिसाद २

‘बाबा ओ’रायली’बद्दल थोडी भर घालतो. शीर्षकातला दुसरा भाग टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराचा आहे, ज्याच्या रचनांमध्ये छोटे स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतात. सुरुवातीचे ते अखंड झुळझुळणारे वादन अनेकांना सिंथेसायझर वाटते, पण ते लोरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनवरचे आहे. त्यात दाबून धरलेला स्वर आपोआप झपाट्याने पुनरावृत्त होण्याची सोय होती. त्यावर पियानो येतो, मग ड्रम्स, आणि गिटार बऱ्याच उशिरा, मोजक्याच कॉर्डसह. वादक म्हणून टाउनशेंडचा मोठेपणा मला या संयमात दिसतो. हे गाणे मुळात ‘लाइफहाउस’ या अर्धवट राहिलेल्या महत्त्वाकांक्षी प्रकल्पासाठी होते. त्यातून वाचलेली गाणी १९७१ च्या ‘हूज नेक्स्ट’ मध्ये आली.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरी सर्व काही मेहेरबाबांच्या खात्यावर मांडू नये, असे नम्रपणे सुचवतो. १९७३ चा ‘क्वाड्रोफेनिया’ हा लंडन आणि ब्रायटनमधल्या ‘मॉड’ (साठच्या दशकातला पोशाख-संगीताचा शौकीन ब्रिटिश युवागट) तरुणांच्या एकटेपणाचा अल्बम आहे आणि तो टाउनशेंडने स्वतः पाहिलेल्या तारुण्यातून आला आहे. त्याचे वडील नृत्यवाद्यवृंदात सॅक्सोफोन वाजवत, त्यामुळे संगीत घरातच होते. १९७८ मध्ये ड्रमवादक कीथ मून गेल्यानंतरही ‘एम्प्टी ग्लास’ (१९८०) सारखा एकल अल्बम त्याने दिला.

प्रश्नकर्त्यांना थेट पुरावा हवा असेल, तर १९७२ चा ‘हू केम फर्स्ट’ ऐकावा. मेहेराबादला मेहेरबाबांच्या समाधीपाशी म्हटली जाणारी ‘परवरदिगार’ ही प्रार्थना टाउनशेंडने त्यात स्वतः चाल लावून गायली आहे.