सल्ला हवा: मॅस्टोडॉन, ब्लूस्कायवर चित्रकाराची कमाई होते का?

रानजाई
नमस्कार मंडळी. मी सह्याद्रीतल्या रानफुलांची जलरंगात चित्रं काढते. कॅलेंडरं, भेटकार्डं विकते, उन्हाळ्यात मुलांचे वर्ग घेते. सगळी गिऱ्हाइकं एकाच मोठ्या ॲपवरून येतात, आणि हल्ली तिथे पैसे मोजल्याशिवाय माझ्याच फॉलोअर्सना माझं चित्र दिसत नाही. दिवाळीआधी कॅलेंडरची पोस्ट पोचली नाही की वर्षाचं गणित कोलमडतं. मॅस्टोडॉन, ब्लूस्काय, नॉस्टर, हाइव्ह अशी विकेंद्रित, म्हणजे एकाच कंपनीच्या ताब्यात नसलेली माध्यमं आहेत म्हणतात. तिथे पोटापुरतं मिळतं का? क्रिप्टोतलं मला फारसं कळत नाही.

घाटवाट
ताई, मॅस्टोडॉनकडून एक पैसाही मिळणार नाही. तिथे जाहिरातीच नाहीत, मग वाटा कशातून देणार? मॅस्टोडॉन वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरवर चालतं, त्यातल्या एकावर आपलं खातं असतं. मिळतो तो वाचक, आणि सर्व्हर बदललात तरी तो तुमच्यासोबत येतो. नव्या सर्व्हरवर खातं उघडायचं, तिथे जुन्या खात्याची नोंद करायची, मग जुन्या खात्यातून स्थलांतर करायचं. फॉलोअर्स आपोआप नव्या पत्त्याकडे वळतात. जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच हे जमतं, आणि जुन्या पोस्ट मागेच राहतात. म्हणून मूळ चित्रं स्वतःच्या साइटवर ठेवा.

याचं मोल आपल्याकडच्या कलाकारांना वेगळं सांगायला नको. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यातल्या कितीतरी जणांचा जमवलेला प्रेक्षक गेला. कू या ट्विटरसारख्या भारतीय ॲपवर मराठीत लिहायची सोय होती, तेही जुलै २०२४ मध्ये बंद झालं.

हिशेबनीस
टोकनच्या, म्हणजे पोस्टच्या बदल्यात क्रिप्टो नाणी देणाऱ्या माध्यमांच्या वाटेला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत. स्टीमिट २०१६ मध्ये आलं: लिहा, मतं मिळवा, त्यावर टोकन मिळवा. २०२० मध्ये कंपनी जस्टिन सन या क्रिप्टो उद्योजकानं विकत घेतली, वापरकर्त्यांशी वाजलं आणि त्यातून हाइव्ह वेगळं निघालं. व्हिडिओवाल्यांच्या एलबीआरवाय कंपनीवर एसईसी या अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं २०२१ मध्ये खटला भरला. २०२३ मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. नॉस्टरवर ‘झॅप’ म्हणून बिटकॉइनची चिल्लर बक्षिशी मिळते, पण तुमची कॅलेंडरं घेणारी मंडळी तिथे कितीशी असणार?

शिवाय कर. अशी क्रिप्टो मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून सरसकट ३० टक्के, वर उपकर. तोटा झाला तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वजाही करता येत नाही.

शाईदौत
घाटवाट यांच्याशी सहमत. थोडं प्रत्यक्षातलं सांगते.

आधी स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता घ्या. ब्लूस्कायवर तेच डोमेन तुमचं वापरकर्तानाव होऊ शकतं. मॅस्टोडॉनच्या प्रोफाइलवर साइटचा दुवा द्या आणि साइटवरून उलटा दुवा ‘रेल-मी’ (हे खातं माझंच, असं सांगणारा छोटा कोड) लावून द्या. दुव्यापुढे हिरवी खूण येते. तुमची चित्रं उचलून दुसऱ्याच नावानं विकणारे असतात, तेव्हा ही खूण फार कामाची.

मॅस्टोडॉनवर पोस्ट पुढे सरकवणारं अल्गोरिदम नाही, लोक हॅशटॅगवरून शोधतात. फुलांच्या चित्रांना ‘ब्लूमस्क्रोलिंग’, एकूण चित्रांना ‘मास्टोआर्ट’, आणि सोबत सोनकी, तेरडा, कारवी अशी मराठी नावंही. प्रत्येक चित्राला वर्णन जोडा. अंध वाचकांसाठी ते असतं आणि तिथली मंडळी त्याबाबत आग्रही आहेत. ‘फुलाचं चित्र’ एवढ्यावर भागवू नका. ‘कातळाच्या फटीतून वर आलेला तेरडा, पाकळ्यांवर पावसाचे थेंब’ असं लिहा. अशी वर्णनं वाचून थांबणारे लोक असतात, खरंच.

आता पैसे. दिवाळी अंकांसारखी कॅलेंडरची आगाऊ नोंदणी ऑगस्टमध्येच सुरू करा. २०० जणांनी ५०० रुपये भरले तर छपाईआधीच लाखभर हातात येतात. यूपीआयसाठी मोबाइल नंबर नसलेला वेगळा आयडी करून घ्या, तोच साइटवर टाका.

रानजाई
हे वाचून बराच धीर आला. दोन शंका. परदेशातल्या वाचकांनी पैसे कसे भरायचे? आणि सध्याचं खातं बंद करू का?

पैलतीर
मी न्यू जर्सीत असते. एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं भारतातल्या बँकेतलं खातं असेल तर अमेरिका, ब्रिटन, यूएईसह काही देशांतल्या नंबरवर यूपीआय चालतं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं जानेवारी २०२३ मध्ये तशी मुभा दिली. सगळ्याच बँका ही सोय देत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. आणि कॅलेंडर टपालानं पाठवायच्या भानगडीत पडू नका, खर्च परवडणार नाही. छापता येईल अशी मोठी फाइल विका. मी इथल्या दुकानात छापून घेईन, मंडळातल्या मैत्रिणींनाही सांगते.

घाटवाट
जुनं खातं अजिबात बंद करू नका. निदान पुढची दिवाळी होईपर्यंत गिऱ्हाईक तिथूनच येणार. प्रत्येक पोस्टखाली साइटचा पत्ता द्या आणि आगाऊ नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाचा ईमेल मागून घ्या. फक्त चित्र आधी साइटवर चढवा, मग बाकी सगळीकडे.

रानजाई
डोमेन घेतलं! पहिलं चित्र सोनकीचं टाकते. वर्णन लिहून आधी इथेच दाखवू का?

शाईदौत
दाखवा की. वाट बघतेय.