सातवीच्या वर्गाला प्रबोधनकाळातली चित्रकला: चार तासिकांत काय घ्यावं?

खडू_फळा

नमस्कार मंडळी. सातवीला युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या चित्रकलेची ओळख करून द्यायची आहे. ३५ मिनिटांच्या चार तासिका आहेत, पट ४८. प्रोजेक्टर एकाच दिवशी मिळेल, बाकी दिवस ए-थ्री प्रिंट फळ्यावर लावावे लागतील. इतिहासाच्या पुस्तकामुळे लिओनार्दो, मायकेलअँजेलो, राफाएल ही नावं मुलांना पाठ असतात, पण त्या काळात चित्रात नेमकं काय बदललं ते सांगता येत नाही. हाताने करून कळेल असं काय घेता येईल? कोणती चित्रं निवडावीत? आणि वर्गात फ्रेस्को (ओल्या गिलाव्यावरचं भित्तिचित्र) करून दाखवता येतो का?

टी_स्क्वेअर

मोनालिसापासून सुरुवात करू नका. ती मुलांनी शंभरदा पाहिलेली असते, त्यामुळे कोणी नीट बघत नाही. पहिल्या तासिकेत दोनच प्रिंट शेजारी शेजारी लावा. एक चिमाबुएची सिंहासनावरची मेरी (फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे, तेराव्या शतकाचा शेवट), दुसरं मासाच्चोचं ‘ट्रिनिटी’ (सांता मारिया नोव्हेला चर्च, फ्लॉरेन्स, सुमारे १४२७). प्रश्न एकच विचारा: मागे उभा असलेला माणूस मागे आहे हे कशावरून कळतं? चिमाबुएकडे देवदूत एकावर एक रचलेले आहेत आणि पाठीमागे सपाट सोनं. मासाच्चोकडे भिंतीत खरीखुरी कमानीची खोली कोरल्यासारखी वाटते. या दोन चित्रांच्या मध्ये काय घडलं, हाच तुमचा विषय. बाकी सगळं याच्याभोवती फिरवा.

दुसरी तासिका पर्स्पेक्टिव्हची, म्हणजे सपाट कागदावर खोली दाखवायच्या रीतीची. इटलीतल्या आल्बेर्ती या वास्तुकाराने १४३५ मध्ये चित्रकलेवरच्या ग्रंथात फरशी काढायची रीत लिहून ठेवली. तिचंच सोपं रूप देतो, ते ए-फोर कागदावर बसतं.

कागद आडवा धरा. डावीकडे दीड सेंमी सोडून १८ सेंमी रुंद, १२ सेंमी उंच चौकट काढा. उजवीकडची जागा मोकळी ठेवा, ती लागणार आहे. तळाच्या रेषेवर दर ३ सेंमीला खूण करा. तळापासून ८ सेंमीवर क्षितिजरेषा काढा आणि ती चौकटीबाहेर उजवीकडे ९ सेंमी वाढवा. चौकटीच्या मधोमध या रेषेवर व्हॅनिशिंग पॉइंट (लांब जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू) घ्या आणि तळाच्या सगळ्या खुणा, दोन्ही कोपरे धरून, त्याला जोडा. आता डाव्या खालच्या कोपऱ्यापासून बाहेर वाढवलेल्या रेषेच्या टोकापर्यंत एक तिरकी रेषा ओढा. ती मघाच्या रेषांना जिथे जिथे छेदते, तिथून आडव्या रेषा काढा. उजव्या कडेच्या रेषेवरचा छेद शेवटचा. सहा ओळींची फरशी तयार. पहिली ओळ साधारण ११ मिमी उंच येते, सहावी जेमतेम ४ मिमी, आणि सगळी फरशी ४ सेंमीत मावते.

चुका ठरलेल्या असतात. एक, मुलं आडव्या रेषा अंदाजाने सारख्या अंतरावर काढतात, मग फरशी उभ्या भिंतीसारखी दिसते. दोन, ‘प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या दोन-तृतीयांश’ असा नियम लावतात. आल्बेर्तीच्या काळातले काही चित्रकारही हेच करत आणि त्याने ते चूक म्हणून दाखवलं. तपासायला पट्टी एखाद्या चौकोनाच्या कर्णावर ठेवा. पुढच्या चौकोनांचे कोपरे त्याच रेषेत आले नाहीत तर काहीतरी घसरलं आहे. तीन, बाहेरचा बिंदू ९ सेंमीऐवजी चौकटीला चिकटून किंवा आत घेतला की फरशी ताणल्यासारखी दिसते. मुलं विचारतील, ‘९ सेंमीच का?’ तर त्या बिंदूचं व्हॅनिशिंग पॉइंटपासूनचं अंतर म्हणजे बघणाऱ्याचा डोळा कागदापासून किती लांब आहे ते. इथे ते १८ सेंमी आहे. एक डोळा मिटून, दुसरा डोळा बरोबर व्हॅनिशिंग पॉइंटसमोर कागदापासून १८ सेंमीवर आणला की फरशी खरी वाटते. हे प्रत्येकाला करून बघू द्या.

वेळ उरला तर त्यात माणसं उभी करा. सारख्या उंचीच्या सगळ्यांची डोकी क्षितिजरेषेवर, पाय मात्र आपापल्या चौकोनात. लांबचा माणूस आपोआप लहान होतो.

प्रोजेक्टर तिसऱ्या दिवसासाठी ठेवा. राफाएलचं ‘स्कूल ऑफ अथेन्स’ (१५०९ ते १५११, व्हॅटिकन) फळ्यावरच पाडा आणि मुलांना फरशी-कमानींच्या रेषा खडूने वाढवायला सांगा. त्या प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांच्या मध्ये येऊन मिळतात. मग लिओनार्दोचं ‘लास्ट सपर’ घ्या. छताच्या पट्ट्या आणि बाजूच्या पडद्यांच्या वरच्या कडा येशूच्या उजव्या कानशिलापाशी जमतात. मूळ भिंतीत त्याच जागी खिळ्याचं भोक सापडलं आहे, लिओनार्दोने तिथून दोरी ताणली होती.

चुना_गेरू

वरच्या उत्तरात एक भर. ‘लास्ट सपर’ला मुलांसमोर फ्रेस्को म्हणू नका, पुष्कळ ठिकाणी तसं छापलेलं असतं. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो आणि रंगाचे कण त्यातच अडकतात. त्यामुळे एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा. गिलावा सुकला की नंतर रंग धरत नाही. लिओनार्दोला सावकाश काम करायचं होतं, पुन्हा पुन्हा बदलायचं होतं. म्हणून त्याने मिलानमध्ये (सुमारे १४९५ ते १४९८) कोरड्या भिंतीवर रंगवलं, आणि त्याच्या हयातीतच रंगाचे पापुद्रे सुटू लागले. दुरुस्तीचं शेवटचं मोठं काम वीस वर्षांहून जास्त चालून १९९९ मध्ये संपलं. एका भिंतीतून एवढं शिकवता येतं, म्हणून हे चित्र सोडू नका.

वर्गात फ्रेस्को नको. चुनकळी विझवताना उकळी फुटते, आणि विझलेला चुनासुद्धा डोळ्यात गेला तर इजा करतो. प्लास्टर ऑफ पॅरिसवर ‘फ्रेस्को’ करून दाखवू नये, ते वेगळ्या रीतीने घट्ट होतं आणि रंगाला तसं बांधून ठेवत नाही.

त्याऐवजी एग टेम्परा, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेला रंग, घ्या. पंधराव्या शतकात इटलीत लाकडी फळीवरची बरीच चित्रं अशीच होत. पांढरा भाग काढून टाका. बलक टिश्यूवर हलकेच लोळवून कोरडा करा, त्याचं पातळ कातडं चिमटीत धरून खाली भोक पाडा आणि आतला बलक वाटीत सोडा. कातडं फेकून द्या. बलकात चमचाभर पाणी घाला. गेरू किंवा पिवळी माती वस्त्रगाळ करून पाण्यात दह्याइतकी दाट कालवा, आणि जेवढी ही पेस्ट तेवढंच बलकाचं पाणी मिसळा. सहा-सहाच्या आठ गटांना दोन बलक सहज पुरतात. बलक जास्त झाला तर रंग तुपकट चमकतो, कमी पडला तर सुकल्यावर बोटाला भुकटी लागते. आधी कागदाच्या कडेला लावून बघा. जाड कार्डशीट वापरा, साधा कागद गोळा होतो. हा रंग काही सेकंदांत सुकतो, जलरंगासारखा पसरवून मिसळता येत नाही. छटा हवी असेल तर बारीक ब्रशने शेजारी शेजारी रेघा ओढाव्या लागतात. लाकडी फळीवरच्या जुन्या चित्रांत गालांवर त्याच बारीक रेघा दिसतात, त्या मोठ्या प्रिंटवर दाखवा. तयार रंग त्याच दिवशी संपवा, वास येतो.

हळद घेऊ नका, उन्हात उडते. शेंदूर अजिबात नको, त्यात शिसं असतं. शाळेत अंडं चालत नसेल तर डिंकाच्या पाण्यात हीच माती कालवा, पण तो जलरंग झाला हे मुलांना स्पष्ट सांगा. आणि रंगकामानंतर सगळ्यांना हात साबणाने धुवायला लावा.

सागरगोटा

चौथी तासिका मुलांच्या वयाची ठेवा. पीटर ब्रूगेलचं ‘मुलांचे खेळ’ (१५६०, व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयात). चित्र ११८ × १६१ सेंमी आणि त्यात ऐंशीच्या वर खेळ. खाली डाव्या कोपऱ्यात दोघीजणी हाडांचे सागरगोटे खेळताहेत. आंधळी कोशिंबीर आहे, चाक पळवणं आहे, काठ्यांवर चालणं आहे. एका ए-थ्री प्रिंटवर हे दिसणार नाही, चित्राचे आठ तुकडे करून गटागटांत वाटा आणि प्रत्येक गटाला ओळखीचे खेळ शोधू द्या. मग सगळे तुकडे जोडून विचारा: इथे डोकी क्षितिजरेषेवर का नाहीत? कारण चित्रकाराने डोळा उंचावर ठेवला आहे, क्षितिज पार वरच्या कडेला गेलं आहे. टी_स्क्वेअर यांच्या फरशीत क्षितिजरेषा ८ ऐवजी ११ सेंमीवर घेतली की मुलांच्या लगेच लक्षात येईल.

हे चित्र इटलीतलं नाही, हाही त्याचा फायदा. नाहीतर हा सगळा काळ फ्लॉरेन्स आणि रोमपुरताच आहे अशी समजूत होते.

सोबत सोफोनिस्बा आंग्विसोलाचं ‘बुद्धिबळ’ (१५५५) घ्या. तिने स्वतःच्या तीन बहिणी पटाशी बसवल्या आहेत. थोरली आपल्याकडे बघते, समोरचीने हात उचलला आहे, धाकटी तिच्याकडे बघून हसते. कोण जिंकतंय, हे मुलं नजरांवरून वाद घालून ठरवतात. चेहऱ्यावरचा भाव हाही त्या काळातला मोठा बदल, तो इथे एका मिनिटात कळतो.

शिल्पं मात्र या चार तासिकांत कोंबू नयेत. मायकेलअँजेलोचा डेव्हिड ५.१७ मीटर उंच आहे, तो हातभर प्रिंटवर कळत नाही.

खडू_फळा

मनापासून आभार. एक शंका राहिली. फ्रेस्को म्हटलं की मुलं अजिंठ्याचं नाव घेणारच. तुलना करावी का?

चुना_गेरू

जरूर करा, पण तंत्र वेगळं आहे हे सांगून. अजिंठ्याला मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले, वर चुन्याचा पातळ हात. रंग कोरड्या पृष्ठभागावर चिकट द्रव्यात कालवून लावलेले. म्हणजे रीतीने ते मिलानच्या भिंतीला जास्त जवळचं आहे, मायकेलअँजेलोने खऱ्या फ्रेस्कोत रंगवलेल्या व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपलच्या छताला नाही. तिसऱ्या तासिकेला पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचं प्रिंट ‘लास्ट सपर’शेजारी लावा आणि दोन्हीकडे रंग कुठे कुठे सुटला आहे ते मुलांना बोटाने दाखवायला सांगा.