पंखावर बर्फ, खाली धावपट्टीवरही बर्फ: फुल फ्लॅप टाकावेत का?

तिरकावारा
चार आसनांचं, कार्ब्युरेटरवालं सिंगल इंजिन. डी-आयसिंग (बर्फ काढायची यंत्रणा) नाही. ढगातून उतरताना पंखाच्या पुढच्या कडेवर पातळ थर धरलाय आणि धावपट्टीही बर्फाळ आहे, असं धरा. काही जण म्हणतात, घसरण आहे तर फुल फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली उतरणारे पट्टे) टाकून जमेल तितकं हळू टेका. काही म्हणतात, फ्लॅपला हातच लावू नका. नेमकं काय करायचं?

उलटाकोन
हात लावू नका. कड जितकी पातळ, तितका बर्फ तिच्यावर लवकर धरतो. म्हणजे पंखावर दिसण्याइतका असेल तर टेलवर (शेपटाच्या आडव्या पंखावर) त्याहून जाड असणार, आणि टेल तुम्हाला आसनावरून दिसत नाही. टेल खालच्या दिशेने दाब देऊन नाक सावरून धरते. फ्लॅप उतरले की पंखामागची हवा आणखी खाली वळते, टेलवरचा उलटा कोन वाढतो आणि बर्फाळलेली टेल तिथेच स्टॉल होते, म्हणजे तिच्यावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि दाब जातो. योक (नाक वर-खाली करायचं हँडल) आपोआप पुढे ओढला जातो, नाक कोसळतं. नासाने १९९०च्या दशकात ट्विन ऑटरवर याच्या उड्डाण-चाचण्या केल्या होत्या.

यातून सुटायचं तर योक मागे, फ्लॅप आधीच्या खाचेवर, पॉवर जपून. नेहमीच्या स्टॉलच्या बरोबर उलट! म्हणून आधी ओळखायचं की स्टॉल कुणाचा. फ्लॅप टाकल्या टाकल्या झटका आला तर टेल. वेग उतरताना थरथर आली तर पंख, तिथे नाक खाली आणि पॉवर पूर्ण. गल्लत झाली तर तीनशे फुटांवर दुसरी संधी नाही. ऑटोपायलट आधीच काढा, तो योकमधले हे इशारे गिळून टाकतो.

नॉटमोजणी
वेगाचं गणित जोडतो. खरखरीत सँडपेपरइतका थरही लिफ्ट (पंखाची उचल) ३० टक्क्यांपर्यंत कमी आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) ४० टक्क्यांपर्यंत जास्त करू शकतो. स्टॉल हॉर्न (स्टॉलआधी वाजणारा भोंगा) स्वच्छ पंखासाठी लावलेला असतो, त्यामुळे तो वाजायच्या आतच स्टॉल येऊ शकतो. म्हणून जास्त वेग ठेवून या, चाकं टेकेपर्यंत थोडी पॉवर राहू द्या. फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक उचलताना) थ्रॉटल झटकन ओढलात तर विमान दगडासारखं बसेल.

याची किंमत धावपट्टीत मोजावी लागते. ६५ऐवजी ७५ नॉटने टेकलात तर थांबायचं अंतर कोरड्या धावपट्टीवरही साधारण एक तृतीयांशाने, म्हणजे ३३ टक्क्यांनी वाढतं. तेव्हा घराजवळची आखूड नको, लांब धावपट्टी गाठा.

धावपट्टीच्या स्थितीचा कोड ६ ते ० असतो. ६ कोरडी, १ बर्फ, ० म्हणजे पाणी सुटलेला बर्फ. शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ कडक थंडीतल्या बर्फापेक्षा वाईट, तो यासाठीच. आकडे तीन असतात, धावपट्टीच्या प्रत्येक तृतीयांशाचा एक. लेखी अहवालात ते धावपट्टीच्या दोन टोकांपैकी लहान क्रमांकाच्या टोकाकडून मोजतात. ५/२/१ वाचून खुश होऊ नका, तुमचं ब्रेकिंग शेवटच्या १ वर होणार आहे. दुसऱ्या टोकाने उतरत असाल तर क्रम उलटा वाचा.

तिरकावारा
आणि बर्फ धरत असतानाच फ्लॅप खाली असतील तर?

उलटाकोन
विमान स्थिर असेल तर तसेच ठेवा. वर घेतलेत की तेवढीच लिफ्ट काढायला पंखाचा कोन वाढवावा लागतो, आणि मग पंखच स्टॉल होऊ शकतो. गो-अराऊंडवरही (उतरणं सोडून पुन्हा वर चढण्यावर) विसंबू नका. एवढा ड्रॅग ओढत विमान चढेलच असं नाही.

ओलाब्रेक
कुणी बोललं नाही म्हणून: स्लशमधून (पाणी मिसळलेल्या मऊ बर्फातून) टॅक्सी करून उडालात तर व्हील पँटमध्ये (चाकांवरच्या आवरणात) गाळ गोठतो, चाक जाम होतं आणि टेकताच टायर फाटतो किंवा विमान एका बाजूला ओढलं जातं. हिवाळ्यात व्हील पँट काढूनच ठेवतात.

कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणं) अर्धी नको, पूर्ण. तिथला बर्फ वितळताना इंजिन खडखडतं, तेव्हा घाबरून ती बंद करू नका.

क्रॉसविंड (बाजूने येणारा वारा) असेल तर बर्फावर टायरला बाजूची पकड नसते. वेग उतरला की रडरही (शेपटाचा उभा पट्टा) निकामी होतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं. एलेरॉन (पंखांच्या टोकाकडचे पट्टे) वाऱ्याच्या बाजूला पूर्ण वळवून ठेवा, ब्रेक अगदी शेवटी.

नॉटमोजणी
कडाक्याच्या थंडीत अल्टिमीटर (उंचीमापक) खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो, हेही लक्षात असू द्या. विमानतळावर उणे ३० असेल तर त्यापासून १००० फुटांवर १९० फुटांची तफावत पडते.