थायलंड: मुदतवाढीआधी पासपोर्ट
पासपोर्ट संपायला सहा महिने उरले की नव्याचं बघू, असं म्हणणं प्रवासापुरतं ठीक. थायलंडमध्ये निवृत्तीच्या आधारावर राहणाऱ्यांना ते महागात पडतं. अटीप्रमाणे बँकेत ८ लाख बाट दाखवले तरी तिथे राहण्याच्या परवानगीची वार्षिक मुदतवाढ पासपोर्ट संपण्याच्या तारखेपलीकडे जात नाही. आठ महिने उरलेत? मग आठच महिन्यांचा शिक्का, फी मात्र पूर्ण १,९०० बाट. त्यामुळे मुदतवाढीला जाण्याआधीच नवा पासपोर्ट करून घ्या. तो आला की कोपरा कापून रद्द केलेला जुना टाकून देऊ नका. दोन्ही घेऊन इमिग्रेशनमध्ये जायचं, शिक्के नव्यात उतरवून घ्यायचे.

आणि गणपतीला घरी यायचं असेल तर निघण्याआधी री-एंट्री परमिट (थायलंडमध्ये परत येण्याचा परवाना) काढाच. एका फेरीचं १,००० बाट, अनेक फेऱ्यांचं ३,८००. ते नसेल तर देश सोडताच उरलेली मुदतवाढ रद्द होते.