"बापाने फोडून काढलं म्हणून आम्ही माणसात आलो" म्हणणाऱ्यांसाठी

रानजाई
आमच्या शाळेच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर परवा एकाने लिहिलं, "बापाने पट्ट्याने फोडून काढलं म्हणून आज माणसात आहोत. आजच्या पोरांना आवाज चढवलेला चालत नाही." खाली अंगठ्यांची रांग. मी तिथे गप्प बसले. रात्री झोप लागली नाही, म्हणून इथे लिहितेय.

जून २०२५ मधली सांगली जिल्ह्यातली बातमी सगळ्यांनी वाचली होती. नीटच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून मुलीला जात्याच्या खुंट्याने मारलं. ती गेली. अटक झाली ती बापाला, आणि तो मुख्याध्यापक. याच ग्रुपवर तेव्हा हळहळ चालली होती. त्याच लोकांनी परवा अंगठे दिले.

आमच्या बाबांची एम-एटी होती. गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज आला की आम्ही तिघं टीव्ही बंद करायचो, आणि धाकटा टीव्हीवर ओलं फडकं फिरवायचा. टीव्ही गरम लागला तर बाबांना कळायचं ना. आठ वर्षांचं पोर ते. एवढी अक्कल त्याला मार चुकवण्यासाठी आली होती, याला घडणं म्हणायचं का? मी आज सेहेचाळीस वर्षांची आहे. तसल्या गाडीचा आवाज आला की अजून पोटात गोळा येतो. आम्ही घडलो नाही, आम्ही वाचलो.

घाटवाट
ताई, तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण खून आणि धपाटा एकाच तागडीत घालू नका. माझे वडील गेले तेव्हा आई तिशीची होती. आम्ही चार भावंडं. दिवसाला हजार विड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या, त्यातल्या खराब म्हणून काढतील त्यांचे पैसे नाहीत. अशा बाईच्या सुपात पोराने पाणी सांडलं तर ती काय समुपदेशकाकडे जाणार? मी तिच्या हातचे फोक खाल्लेत. शाळा बुडवून नदीवर गेलो म्हणून खाल्लेत. आज नोकरीला आहे तो त्या फोकांमुळे. माझ्या आईला हिंसक म्हणणाऱ्याचं मी ऐकून घेणार नाही.

रानजाई
तुमच्या आईंना मी काहीही म्हटलेलं नाही. पण तुम्ही शिकलात ते त्या विड्यांमुळे की फोकांमुळे, याचा एकदा शांतपणे विचार करा. आणि असली घरं दोन-चार नाहीत. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या मुलांचा अभ्यास छापला. तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्लेला. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे आईवडीलच.

तारीख_पे_तारीख
कायद्याचं थोडक्यात सांगतो. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. घरात तशी सरसकट बंदी आपल्याकडे नाही. स्वीडनने १९७९ मध्येच केली, नेपाळनेही २०१८ मध्ये केली. आपल्या भारतीय न्याय संहितेत कलम २७ आहे, जुन्या दंडविधानातलं ८९. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्हेतूने केलेल्या कृतीला त्यात संरक्षण मिळतं. जबर दुखापतीला मात्र ते मिळत नाही. दुसरीकडे बाल न्याय कायद्याचं कलम ७५: मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच क्रूरपणा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद. पण तक्रार कोण करणार? शेजारी भिंतीला कान लावतात, मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ फिरवत नाहीत.

निवडुंग
सगळे आईबापांवरच बोलताय. भावाचं काय?

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो माझी वेणी मनगटाला गुंडाळायचा. एक वेढा, दोन वेढे, आणि मान मागे गेली की विचारायचा, "कुणाशी बोलत होतीस?" आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, भांडू नका रे!" भांडू नका! भांडायला दोघं लागतात. मी बारावीत केस कापले. लोकांना वाटलं फॅशन केली.

गेल्या वर्षी वडील गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला. सही करणार नाही म्हटलं, तर आईच्या देखत कानाखाली मारली. मी एकेचाळीस वर्षांची. आई म्हणाली, "दे सही, तुझं माहेर तुटेल."

वाडेकर_अण्णा
विषय मुलांना मारण्याचा आहे, इथे वाटण्या कशाला? आणि निघालाच आहे तर आमचीही बाजू ऐका. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा सहा वर्षं तिचं हगणंमुतणं मी आणि माझ्या बायकोने काढलं. बहिणी दिवाळीला यायच्या, साडी घेऊन जायच्या. आई गेल्यावर वकिलाची नोटीस आली. माझ्या बायकोने त्या दिवशी चूल पेटवली नाही. हात उगारणं चूकच. पण माणसाचा तोल का जातो तेही बघा.

निवडुंग
तुमच्या बायकोने सहा वर्षं केलं त्याचं मोल आहे, ते बहिणींकडून रोख मागून घ्या. पण तोल गेला म्हणे! वरिष्ठांसमोर जात नाही, पोलिसासमोर जात नाही. बहिणीसमोरच कसा जातो?

वाडेकर_अण्णा
मी माझ्या बहिणींवर कधी बोट उचललेलं नाही. दुसऱ्याच्या भावाचं पाप माझ्या माथी मारू नका.

तारीख_पे_तारीख
अण्णा, शांत व्हा. निवडुंगताई, दोन गोष्टी. एक, वारसाहक्क. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीने हक्क दिला. सेवा कुणी केली यावर तो ठरत नाही, अण्णांना हे कितीही लागलं तरी. दोन, कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त नवरा-बायकोचा आहे असं लोक धरून चालतात. बहीण भावाविरुद्ध, आई मुलाविरुद्धही जाऊ शकते. मुंबईतल्या मायलेकी मुलाविरुद्ध, सुनेविरुद्ध आणि दुसऱ्या मुलींविरुद्ध गेल्या होत्या. त्यांच्या प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्याच्याविरुद्ध जायचं तो 'प्रौढ पुरुष'च हवा, ही व्याख्येतली अट काढून टाकली. तेव्हापासून बाईविरुद्धही अर्ज करता येतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. सही मात्र करू नका.

अबोली७२
आणि तेच मारणारे हात नंतर आईबापांवर चालतात, ते कुणी बोलतच नाहीये. आमच्या खालच्या मजल्यावर आजोबा राहतात. त्यांनी मुलाला लहानपणी कायम छडीखाली ठेवलं, अख्ख्या वाड्याला माहीत होतं. आता मुलगा त्यांना जिन्यात ढकलतो. पालकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, प्रांताकडे अर्ज करता येतो, हे मी स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मीच शिकवलं त्याला." अर्ज काही केला नाही.

घाटवाट
म्हणजे मार खाल्लेला प्रत्येक मुलगा बापाला ढकलणार? मी नाही ढकलत. एका जिन्यावरून नियम काढू नका.

रानजाई
मग तुम्हीही एका नोकरीवरून काढू नका.

घाटवाट
दोन दिवस लिहिलं नाही. ताईंचं शेवटचं वाक्य लागलं होतं, खोटं का सांगू. काल आईला भेटायला गेलो होतो. थोरली बहीणही आली होती, भाजी निवडत बसली होती. बोलता बोलता आईला विचारलं, "तू आम्हाला किती मारायचीस गं?" आई म्हणाली, "मी? मी कधी तुम्हाला हात लावला नाही." तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं, तिला खरंच तसंच वाटतंय.

ताई मेथीची जुडी तशीच टाकून आत गेली. ती नदीवर कधीच गेली नव्हती. ती घरी असायची, विड्या वळायला आईच्या शेजारी. तिला कशासाठी मार बसायचा हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही.

धपाट्याला मी अजूनही हिंसा म्हणणार नाही. पण 'आम्ही घडलो' मधलं 'आम्ही' मागे घेतो. ते फक्त माझ्यापुरतं होतं.