फीमेल कंडोम नीट बसत नाहीये, कोणी वापरलाय का? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, गोळ्यांनी सारखं मळमळायचं म्हणून बंद केल्या आणि नवऱ्याला लॅटेक्सची अॅलर्जी, त्यामुळे नायट्रिलवाला फीमेल कंडोम आणला. आतली रिंग चिमटीत दाबून आत सरकवायची एवढंच तर काम, पण वंगण इतकं की पहिला हातातून निसटून थेट बाथरूमच्या भिंतीवर 😅 दुसरा बसला पण मध्येच बाहेरची रिंग आत ओढली गेली, मग थांबलो आणि नवीन घातला. संबंधाच्या ८ तास आधीपर्यंत घालून ठेवता येतो हे एक बरंय, ऐनवेळी घाई नाही. पण नेहमीच्या वापरात वर्षभरात १०० पैकी साधारण २१ जणींना दिवस जातात, अगदी बिनचूक वापरला तर ५, म्हणजे सगळं घालण्यावरच आहे ना.

तर घालताना एक पाय वर ठेवून सोपं जातं की उकिडवं बसून? बाहेरची रिंग तुम्ही हाताने धरून ठेवता का? आणि तो चुरचुर आवाज, जास्त वंगण लावलं की कमी होतो का? इन्फेक्शनपासून पण संरक्षण हवंय, त्यामुळे प्लीज कॉपर टी सुचवू नका.